सात वाजताचा भोंगा आणि आपले विखुरलेले लक्ष

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून गेली काही वर्षे एक तक्रार वारंवार आमच्या कानी येत आहे. उपदेशक सांगतात की, सायंकाळी भेटीस गेले असता घरची माणसे "या, बसा" म्हणतात, चहा ठेवितात, परंतु बोलणे चालू असता कोणाची ना कोणाची नजर टीव्हीकडे अथवा हातातील मोबाइलकडे असते. आई म्हणते, मुलगा पुस्तक उघडतो तो पाच मिनिटांत फोनकडे वळतो; आणि आईचेही तसेच आहे असे मुलगा मनात म्हणत असेल. भुसावळ, वरणगाव, यावल, रावेर या बाजूस हे घरोघर चालले आहे. ह्याला नुसता आळस म्हणून, किंवा तरुणांची वाईट खोड म्हणून, दोष देऊन मोकळे होणे आम्हांस बरोबर वाटत नाही. आपले लक्ष कोणी तरी मोठ्या खटपटीने खेचून नेत आहे. ते कोण व कशासाठी नेतो हे समजले, म्हणजे घरात निवांत वेळ पुन्हा कसा आणावा याचा विचार करण्यास आधार मिळतो.

आरंभी एक घडलेली गोष्ट सांगतो. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. बहुतेक लोक शेतकरी, कित्येक साखर कारखान्यात कामास जाणारे. करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या व मुलांचे शिकणे फोनवर आले, हे आपणांस आठवतच असेल. पुढे शाळा उघडल्या, परंतु फोन मुलांच्या हातून सुटेना. शाळेच्या आधी फोन, शाळेनंतर फोन, आणि वाचण्यालिहिण्याचा कंटाळा, असे तेथील शिक्षकांच्या ध्यानात आले. तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावाने सभा भरवून ठरविले की, रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजावा व त्यासरशी प्रत्येक घरातील टीव्ही आणि मोबाइल बंद व्हावा. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, वडील माणसांनी वाचावे अथवा एकमेकांशी बोलावे. दुसऱ्या दिवसापासून तसे सुरूही झाले. सरपंच विजय मोहिते यांनी ही हकीकत बातमीदारांस सांगितली आणि ती देशाबाहेरही वाचली गेली.

ही बातमी वाचणारा मनुष्य भोंग्याचेच कौतुक करितो. आम्हांस त्यामागील एक बारीक गोष्ट अधिक मोलाची वाटते. ही कल्पना पहिल्याने पुढे आली तेव्हा गावच्या पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. मग स्त्रियांस एकत्र बोलाविले. आपण मालिका फार पाहतो, हे असेच चालू राहिले तर ठीक नाही, असे त्यांनी चटकन कबूल केले, आणि सर्व गावानेच काही वेळ यंत्रे बंद ठेवावी या गोष्टीस संमती दिली. त्यानंतर भोंगा बसला. बसला तरी तो पुरेसा नव्हता. तो वाजल्यावर ग्रामपंचायतीची माणसे व काही गावकरी दारोदार जाऊन लोकांस आठवण देत फिरत. एकट्याने मनाशी केलेल्या निश्चयावर त्या गावाने भिस्त ठेविली नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी या गावच्या ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये असा ठराव केला. त्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. तथापि आमचे मत विचाराल तर वडगावची रीत आम्हांस अधिक पटते. बान्सीचा नियम मुलांवर आहे. वडगावचा नियम बापावरही होता. बाप ओट्यावर बसून बोटाने चित्रे सरकवीत आहे आणि मुलास म्हणतो आहे, "पुस्तक काढ," यात मुलाने काय शिकावे?

आता लक्ष खेचून नेणारा कोण, हे पाहू.

जाहिरात ही काही आजची वस्तू नव्हे. १९३७ मध्ये लिव्हर कंपनीच्या कारखान्याने डालडा नावाचे वनस्पती तूप बाजारात आणिले. घरच्या लोणकढ्या तुपावर वाढलेल्या लोकांस हे डब्यातील तूप खपवावयाचे, हे सोपे काम नव्हते. लिंटास या जाहिरात संस्थेने १९३९ मध्ये त्यासाठी मोठी मोहीम काढिली. चित्रपटगृहांत दाखविण्यास लहानसा बोलपट केला, डब्याच्या आकाराची गोल मोटारगाडी रस्त्यांतून फिरविली, आणि ठिकठिकाणी मांड मांडून पदार्थ तळून लोकांस वास व चव घेऊ दिली. पुढे हे नाव इतके रुळले की, पुष्कळ घरांतून कोणत्याही वनस्पती तुपास डालडाच म्हणत. त्या मोहिमेस आम्ही वाईट म्हणत नाही. आमच्या पूर्वीच्या बांधवांनीही बाजाराच्या दिवशी हस्तपत्रके वाटिली आहेत आणि कंदिलाची चित्रे दाखवून माणसे जमविली आहेत. छापील पत्रांचा खर्चही थोडाबहुत जाहिरातींवर भागत आला आहे. बी कोठे मिळते, लस कोणत्या दिवशी टोचणार, हे लोकांस कळविणे उपकाराचेच काम होय.

परंतु डालड्याची ती गाडी गावात येई आणि जाई. ती गेल्यावर रस्ता पुन्हा आपला होई. आजची गाडी खिशात बसली आहे. ती जात नाही.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे कोण भरितो, हा प्रश्न खेड्यातील मनुष्य व्यवहारात सहसा चुकवीत नाही. फोनच्या बाबतीत मात्र आपण तो विचारीत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ कंपनीची सेवा सुरू झाल्यापासून इंटरनेट फार स्वस्त झाले व खेड्यापाड्यांत पोहोचले. त्यावर आपण जी चित्रे पाहतो, जो शोध घेतो, त्यासाठी आपण वेगळे पैसे बहुधा देत नाही. ते जाहिरातदार देतात. गूगलच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींचा आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ज्या मेटा कंपनीची आहेत, तिचे तर जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींतून येते. म्हणजे त्या बाजारात जो माल विकला जातो तो आपले पाहणे हाच होय. मनुष्य जितका अधिक वेळ पाहील तितका माल अधिक. शेतकऱ्याने फवारणीच्या पंपाची किंमत एकदा शोधून पाहावी, की पुढे आठ दिवस पंपच पंप त्याच्या डोळ्यांपुढे नाचतात. हा योगायोग नव्हे. आपण काय शोधिले याची नोंद ठेविली जाते आणि तिच्या जोरावर ती जागा विकली जाते.

आणखी एक युक्ती सांगण्याजोगी आहे. पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्र संपते, त्यामुळे "आता पुरे" म्हणण्यास जागा मिळते. २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकन कारागिराने अशी योजना केली की, पडद्यावरील पान खाली सरकविले तरी संपूच नये, पुढचे आपोआप येत राहावे. पुढे ह्याचा परिणाम पाहून त्याने स्वतःच जाहीरपणे खेद दर्शविला. पंगतीत वाढपी पानाशी उभाच राहिला आणि घास उचलताच पुन्हा वाढू लागला, तर जेवणारास पोट भरले हे कळणार कसे? केळीचा आजचा भाव पाहण्यासाठी फोन उघडलेला मनुष्य अर्ध्या तासाने कोठल्या तरी परक्या गावच्या भांडणाचे चित्र पाहात बसलेला आढळतो, त्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी ह्या योजनेत शोधावे.

ह्यात नुसता वेळ जातो असेही नाही. गुडघेदुखी आठ दिवसांत घालविणारे तेल, मधुमेह मुळासकट काढणारे चूर्ण, मुलांची उंची वाढविणारी भुकटी, ह्या जाहिराती आपल्या लोकांपर्यंत रोज पोहोचतात. वाचकांनी हे ठाऊक करून घ्यावे की, १९५४ सालापासून आपल्या देशात औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, इतकेच काय उंची वाढविणे, अशा ठरावीक गोष्टींवर औषध असल्याची लोकांत जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे. ताईत, कवच, मंत्र यांनी रोग बरा होतो असे जाहीर करणेही त्यात येते. कायदा सत्तर वर्षांहून जुना झाला तरी तेल विकलेच जाते, हेही खरे. पैसे लावून खेळावयाच्या पत्त्यांच्या व इतर ऑनलाइन खेळांची तशीच गत होती. नामांकित खेळाडू व नटनट्या त्यांची वाखाणणी करीत, आणि कर्जात बुडालेली तरुण मुले गावोगाव दिसत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने असे खेळ व त्यांच्या जाहिराती या दोहोंवर बंदी घालणारा कायदा केला.

येथे आपल्या मंडळ्यांविषयीही दोन शब्द बोलणे आम्हांस प्राप्त आहे. अलीकडे संमेलनांचे जे फलक चौकांत लागतात, त्यांवर वक्त्यांचे चेहरे पुरुषभर उंच असतात, आणि अमुक दिवशी येथे रोग बरे होतील असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. बाजारातील तेलवाल्याची रीत आपण उचलिली, तर त्याच्यावर बोट दाखविण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. रात्री दहापर्यंत कर्ण्यावर चालणाऱ्या उपासनेने शेजारच्या घरातील परीक्षेस बसलेल्या मुलीचा निवांतपणा नाहीसा होतो, तो विचारही व्हावा.

एकाच वेळी अनेक कामे करण्याचा जो गौरव हल्ली चालतो, त्याविषयी आता पाहू. नोकरीच्या जाहिरातींतही हा गुण मागतात. इंग्रजीतील तो शब्द मुळात संगणकापासून आला. एकच यंत्र अनेक कामे एकदम करिते असे दिसे. वस्तुतः ते एका कामावरून दुसऱ्यावर अतिशय वेगाने उडी घेत असे. यंत्रास उडी मारण्याचा शीण होत नाही. माणसास होतो. हिशेब करिता करिता फोन वाजला, दोन शब्द बोलून पुन्हा वहीकडे वळलो, की कोठे होतो ते शोधावे लागते, आणि मनाचा काही अंश त्या बोलण्यातच अडकून राहतो. २००९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑफिर, नास व वॅग्नर यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. एकाच वेळी अनेक पडदे व माध्यमे वापरण्याची ज्यांस सवय, ते उड्या मारण्यात तरबेज असतील असे वाटत होते. परंतु आढळले उलट. निरुपयोगी गोष्टी बाजूस सारणे त्यांस अधिक कठीण जाई आणि कामे बदलण्यातही ते मागे पडत. पुढील काही अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दोन लक्षवेधी कामे एकदम नीट होत नाहीत ह्याविषयी वरणगावच्या लोकांस परदेशी पुराव्याची गरज नसावी. येथे १९६४ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. काडतूस भरणाऱ्या कामगाराने दुसऱ्या हाताने चित्रे पाहावी असे कोणी म्हणेल काय? गावाजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मोटार हाकताना फोन हातात धरणे हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालविण्याच्या गुन्ह्यात मोडते.

कोणी म्हणेल, आमच्या आज्या दळता दळता गात होत्या, ती दोन कामे नव्हती काय? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि त्यास उत्तर खानदेशातच आहे. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये जळगावाजवळच्या असोद्यास जन्मल्या. त्यांस अक्षरओळख नव्हती. जात्यावर, चुलीपाशी, शेतात काम करिता करिता त्यांनी ओव्या रचिल्या. मुलगा सोपानदेव व आप्तजन यांनी त्या टिपून ठेविल्या. १९५१ मध्ये त्या वारल्या, आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ते काव्य छापले गेले. मनुष्याच्या मनाच्या ओढाळपणाविषयी त्यांची जी कविता आहे ती मराठी मुलखात सर्वांस ठाऊक आहे. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. आता पाहा: जात्याचा खुंटा फिरविण्याचे काम हाताला मुरलेले असते, त्यास मन लागत नाही. जाते बाईला हाका मारीत नाही. तिने काय गावे हे सांगत नाही. तिचे गाणे मोडून मध्येच साबण विकावयास येत नाही. हात गुंतलेले आणि मन मोकळे, अशी ती स्थिती होती. आजची स्थिती अगदी उलट आहे. हात रिकामे असतात आणि मन गुंतलेले.

म्हणून जात्याचे दिवस परत यावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पहाटे तीनला उठून पायली दळणाऱ्या स्त्रीचे खांदे कसे दुखत हे तिलाच ठाऊक. पिठाची गिरणी आली हे फार चांगले झाले. परंतु एक प्रश्न विचारावासा वाटतो: जात्यापासून सुटलेला तो तास गेला कोठे? गिरणीने तो बाईच्या पदरात टाकिला होता. नळाने आणि गॅसच्या शेगडीनेही थोडा थोडा टाकिला. तो तास तिच्या स्वतःच्या विचारासाठी, वाचण्यासाठी, लेकीशी बोलण्यासाठी राहिला नाही. काही घरकामानेच परत घेतला, आणि उरलेला मालिका व त्यांमधील जाहिराती यांनी घेतला.

लूकच्या दहाव्या अध्यायातील मार्था व मरीया यांची गोष्ट ह्या विषयावर हमखास सांगण्यात येते. उपदेशकांस आमची विनंती आहे की, ती सांगून स्वयंपाक करणाऱ्या बहिणींस दोष देऊ नये. पाहुणे घरी आले होते आणि भाकरी कोणी तरी भाजावयाचीच होती. घरातील सर्वांनी मिळून ते काम आधी उरकले असते तर दोघी बहिणींस बसता आले असते, ह्याकडे आपल्या पुरुषवर्गाचे लक्ष वेधावे. मार्कच्या पहिल्या अध्यायात, गर्दीच्या सायंकाळनंतर, प्रभू उजाडण्यापूर्वी उठून एकांती गेला असे आहे. तेथेही शिष्य शोधीत आलेच. तो त्यांजवर रागावला नाही, उठून पुढच्या गावांच्या कामास निघाला. एकांत हा कामाचा वैरी नव्हता, पण तो त्याने वेळ पाहून आधी घेतला होता.

वडगावास परत येऊ. एकट्या मनुष्यास फोन खाली ठेवणे इतके जड का जाते, आणि भोंगा झाल्यावर सर्व गावास ते शक्य का झाले? आमच्या समजुतीने ह्याचे उत्तर आपल्याच एका जुन्या त्रासात सापडते. भारनियमनाची वर्षे वाचक विसरले नसतील. तासन्‌तास वीज नसे. पिके वाळत, गिरण्या थांबत, परीक्षेची मुले चिमणीच्या उजेडात डोळे फोडीत. ते दिवस पुन्हा नकोत. तथापि वीज गेली की सर्व आळी ओट्यावर येऊन बसे, म्हातारी माणसे बोलू लागत आणि लहान मुले ऐकत, हेही तितकेच खरे. अंधार सर्वांच्या घरी एकदमच होई, म्हणून आपले काही हुकले असे कोणास वाटत नसे. शेजारी टीव्ही चालू असता आपला बंद ठेवणे कठीण; सर्वांचा बंद असता आपला बंद ठेवण्यास काहीच लागत नाही. निवांतपणा पूर्वी दिवसाच्या रचनेतच पडलेला असे. आता तो आपण होऊन, आणि जोडीने, ठरवून आणावा लागणार.

सर्व गाव जमले नाही तर एक आळी, आळी जमली नाही तर एक घर, एवढ्यापासून आरंभ करिता येईल. वेळ दीड तासाचीच पाहिजे असेही नाही. अर्धा तास रोज पाळला गेला तर तो पुष्कळ झाला. त्या वेळात सर्वांचे फोन एका फडताळात ठेवावे. दवाखान्यात कोणी असेल, किंवा शेतात मोटार चालू असेल, तर एक फोन घंटी लावून ठेवावा आणि वाजला तरच उचलावा. उपदेशकाने भेटीस जाताना स्वतःचा फोन पिशवीत बंद ठेवून छापील शास्त्र हाती घ्यावे. फोनवरून वाचता वाचता मध्येच कर्ज देणाऱ्याचा निरोप वर येतो, आणि ऐकणाराही ते पाहतो. जाहिरातींचे फोन व निरोप नको असतील त्यांनी आपल्याच फोनवरून १९०९ या क्रमांकावर तशी नोंद करावी. ती फुकट होते. जाहिरातीने फसवणूक झाली असेल तर ग्राहकांच्या तक्रारीसाठी सरकारचा १९१५ हा क्रमांक आहे. ज्या म्हाताऱ्या माणसांस हे स्वतः करिता येत नाही त्यांजसाठी मंडळीतील तरुणांनी एक रविवार उपासनेनंतर बसावे.

हा पाठ सभेत घेताना उपदेशकांनी प्रथम आपण बोलू नये. घरापासून शेतापर्यंत जाताना भिंतींवर व फलकांवर काय काय लिहिले आहे ते लोकांस आठवून सांगण्यास लावावे; शेजाऱ्याच्या मुलाचे नाव न आठवणारासही सिमेंटाचे नाव आठवेल. मग वेळ ठरविण्याची गोष्ट काढावी, आणि वडगावी झाले त्याप्रमाणे ती प्रथम स्त्रियांस विचारावी. सात वाजता चुलीपुढे बसलेल्या बाईस सातचा भोंगा वाजून काय मिळणार? तिच्या घरी ती वेळ कदाचित नऊची असेल, कोणाकडे पहाटेची. ती सांगेल ती वेळ वहीत लिहून घ्यावी, आणि त्या वेळी भांडी कोण घासणार हेही त्याच ओळीत लिहावे.